लाकडाचा दीर

लाकडी बाहुल्यावर कुणी जळतं का? गुंजन जळत होती, आणि चांगलीच धुमसत होती.

बाहुला वीतभर उंचीचा. रायस्वाइक या डच गावातल्या फ्लॅटमध्ये खिडकीशी उभा असे. तो तायवो, गुंजनच्या नवऱ्याचा, केहिंदेचा जुळा भाऊ. तान्हा असतानाच गेलेला. केहिंदेच्या आफ्रिकेतल्या योरुबा लोकांत जुळ्यातलं एक गेलं, की त्याची मूर्ती कोरून घेतात आणि जिवंत मुलासारखं तिचं सगळं करतात. इबादानहून सासूबाई कायमच्या राहायला आल्या, त्या याला कमरेच्या कापडात खोचूनच.

रोज सकाळी त्याला अंघोळ, अंगाला लाल पूड, तोंडाला चवळीचा घास. सासूबाई त्याच्या नावानं गात आणि केहिंदे टेबलावर बोटांनी ताल धरी. पुसून पुसून बाहुल्याचं नाक झिजलं होतं. लाडानं नाक झिजतं, हे गुंजनला सहनच होत नसे.

कारण तिचं स्वतःचं बाळ मार्चमध्ये, पाचव्या महिन्यात, पोटातच गेलं होतं. पुण्याहून आई फोनवर म्हणाली, "झालं गेलं विसर गं, वय आहे अजून." केहिंदेनं महिनाभर स्वयंपाक केला, पण बाळाबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्या ठोकळ्याचे मात्र रोज सोहळे!

एका रविवारी सासूबाईंनी बाहुला तिच्यापुढे धरला. "आज तू न्हाऊ घाल याला."

"मी नाही घालणार," गुंजन फाडकन म्हणाली. "तुमचं पोर तुम्ही सांभाळा. माझ्या पोरासाठी कोण गातंय इथं?"

केहिंदेची बोटं थांबली. "गुंजन, मूर्ती फक्त जुळ्यांचीच करतात."

"मूर्ती मागितलीय का मी?"

"आणि गाण्यात नावानं हाक मारावी लागते. आपण नाव कुठं ठेवलं होतं?"

"मी ठेवलं होतं. मल्हार. तू कधी विचारलंच नाहीस."

सासूबाईंनी तायवोला बाजूला ठेवलं. "परत सांग," त्या म्हणाल्या. गुंजननं सांगितलं. ते नाव त्यांच्या जिभेवर नीट बसेना, तरी त्यांनी ते घोकून घोकून बसवलं. मग गायला सुरुवात केली आणि लेकाला ताल धरायची खूण केली.

केहिंदेनं टेबलावर हात ठेवला, पण त्याला रडूच आवरेना. शेवटी ताल गुंजननं धरला.