दुसरा टेक

फिल्म पाठवायची मुदत संध्याकाळी सहापर्यंत होती, आणि साडेचार वाजले तरी अक्षताचा शेवटचा शॉट राहिलाच होता.

परतूरजवळच्या मिरचीच्या शेडनेटमध्ये तिची आई, बेबीनंदा, नऊ वर्षांपासून क्रॉसिंगच्या, म्हणजे संकरित बी तयार करण्याच्या, कामाला जायची. चिमट्यानं फुलातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, खूण म्हणून दोरा बांधायचा. दिवसभर हेच. तिथल्या बाया उन्हाळ्यातसुद्धा पाणी पीत नसत, कारण जायला आडोसाच नव्हता. अक्षतानं त्यावरच पाच मिनिटांची फिल्म लिहिली आणि जिल्ह्याच्या लघुपट स्पर्धेत नाव घातलं. फिल्ममध्ये काम करणारी आईच. मुकादम पुंजाराम चार वाजता मोटारसायकलवर बसून गेला, तेव्हा कुठं त्या शेवटच्या शॉटला हात लागला.

खताची दोन पोती एकावर एक, त्यावर वीट, आणि विटेला टेकवलेला अक्षताचा फोन. एवढंच सामान. आधीच्या शॉट्सनी फोन इतका भरला होता की एका वेळी एकच टेक मावायचा. दुसरा घ्यायचा तर पहिला पुसावा लागे.

पहिला टेक ठीक झाला. लिहिलेलं वाक्य आईनं बिनचूक म्हटलं, "साहेब, इथं एक आडोसा करा." पण म्हटलं ते शाळेतल्या पाठांतरासारखं.

"झालं का?" बेबीनंदानं विचारलं.

अक्षतानं फोन उचलून बघितला. बॅटरी एकोणीस टक्के. जाळीतून येणारा उजेड उतरत चालला होता.

"आई, अजून एकदा म्हणशील? मुकादम खरंच समोर हाय असं समजून."

"मंग हा पुसायचा?"

"पुसावा लागंन."

"आन् दुसरा बिघडला म्हंजे?"

चार महिने अक्षतानं या पाच मिनिटांसाठी घालवले होते. बोट पुसण्याच्या खुणेवर नेलं, मागं घेतलं, पुन्हा नेलं. शेवटी डोळे मिटल्यासारखं करून दाबलं. टेक गेला.

आईच्या बरोबरीनं काम करणारी दैवशालामावशी फोनच्या मागं कमरेवर हात ठेवून मुकादम बनून उभी राहिली. बेबीनंदानं तिच्याकडं बघितलं. अक्षतानं रेकॉर्डिंग सुरू केलं. मग बेबीनंदा हळूच म्हणाली, "पुंजारामभाऊ, तुम्ही घरी गेल्यावर तांब्याभर पाणी पीत असान. आम्ही सकाळपासून पेलो न्हाई. मागल्या साली मला मूतखडा झाल्ता, तुम्हाला ठाऊक हाय. इथं चार बांबू रोवा, बस."

दैवशालामावशीनं पदर तोंडाला लावला. अक्षतानं घाईघाईनं थांबवायचं बटण दाबलं. असं काही आपण लिहिलंच नव्हतं, हे तिला तेव्हा आठवलं.

आणि आईलाही आपण काय बोलून बसलो ते उमगलं. "अगं, नाव आलं ना तोंडातून! त्यानं बघितलं तर उद्या कामावर घेतो का मला? बिलकुल न्हाई घ्यायचा. पुस ते!"

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. बॅटरी अकरा. तिसऱ्या टेकला ना उजेड होता ना वेळ.

"नाव तेवढं गप करते," अक्षता म्हणाली. "आवाजच येणार न्हाई."

रस्त्यावर रेंज होती. तिथं दगडावर बसून तिनं नावावरचा आवाज काढून टाकला. फिल्म जोडली, पाठवायला लावली. टक्का सत्तरवर अडकला. बेबीनंदा शेजारी उभी राहून रस्त्याकडं बघत होती, पुंजारामची गाडी तर येत नाही ना म्हणून. पाच त्रेपन्नला फिल्म गेली आणि दोन मिनिटांनी फोन बंद पडला.

निकालात अक्षताचं नाव नव्हतं. परीक्षकांनी लिहिलं होतं, शेवटी आवाजात दोष आहे.

पण फिल्म सगळ्या स्पर्धकांच्या फिल्मसारखी नेटवर चढली होती, आणि आठवड्यात शेडनेटमधल्या बाया ती एकमेकींच्या फोनवर बघायला लागल्या. आवाज नसला तरी ओठ दिसत होते. ओठांवरचं नाव त्यांनी पहिल्या झटक्यात ओळखलं.

पुंजारामपर्यंत ते जायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत बेबीनंदाचा जेवणावरून मन उडालं होतं, अन् अक्षता सारखं म्हणत होती, "माझ्यामुळं झालं."

तिसऱ्या दिवशी तो दोन ओळींच्या मधोमध येऊन उभा राहिला. "बेबीनंदाबाई, त्या फिल्ममधी माझं नाव होतं का?"

सगळ्या बायांचे चिमटे थांबले. न्हाई म्हणणं सोपं होतं.

"होतं," बेबीनंदा म्हणाली.

पुंजारामच्या बायकोनंही ती फिल्म बघितली होती म्हणे. घरात काय झालं ते त्यानं सांगितलं नाही.

"मालकाला विचारत बसलो तर हंगाम जाईन," तो शेवटी म्हणाला. "बांबू मी आणतो. जागा तुम्ही दाखवा."

जागेवरून बायांचं अर्धा तास भांडण झालं. दैवशालामावशीला विहिरीच्या बाजूची हवी होती, बाकीच्यांना बांधाकडची. बेबीनंदा कुणाच्याच बाजूनं बोलली नाही. चिमटा उचलून ती पुढच्या फुलाकडं वळली.