अंगठ्याएवढी जखम

आईच्या तोंडात पहिले फोड आले तेव्हा आम्ही हसलो होतो. बाबा म्हणाले, "इतकं बोलल्यावर तोंड येणारच!"

तीन महिन्यांत फोड पाठीवर, काखेत, मांड्यांवर पसरले. पाण्याने भरलेले, पातळ. कूस बदलली की फुटायचे आणि खाली लालभडक. शाळा मी आधीच सोडली होती, गणिताच्या सरांशी भांडून. म्हणून आईची पाठ माझ्या वाट्याला आली. रोज सकाळी मिठाच्या पाण्याने पुसायचं, व्हॅसलीन लावलेलं जाळीचं कापड ठेवायचं आणि वरून सुती पट्टी गुंडाळून गाठ मारायची. चिकटपट्टी लावायचीच नाही, ती निघताना कातडी घेऊन निघते. गाऊन उलटा घालायचा, शिवण बाहेर. हे सगळं मला पाठ होतं. सात-आठचा पाढा येत नव्हता, हे येत होतं.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कितवीला आहेस?"

"कितवीलाच नाही. आईचं बोला."

आईने डोळे वटारले. पण बाई हसल्या आणि त्यांनी कागदावर दोन गोल काढले. "या कातडीच्या पेशी. एकमेकींचा हात धरून उभ्या असतात. तो हात म्हणजे एक प्रोटीन. आईचंच रक्त त्या हातावर हल्ला करतंय."

"म्हणून हात सुटतो?"

"तेवढंच नाही. तो हात निरोपसुद्धा पोचवतो. सगळं ठीक असलं की आत निरोप जातो, शांत राहा. हल्ला झाला की चुकीचा निरोप जातो, सोड. मग पेशी स्वतःच हात आत ओढून घेते."

मग त्यांनी आईच्या पाठीवर जिथे फोड नव्हता तिथे अंगठा टेकवून जरासा सरकवला. दुधावरची साय सरकावी तशी कातडी सरकली. आईने दात आवळले.

"ही सरकायची थांबली की समजायचं, गोळ्या लागू पडल्या. पण हे मी बघणार. घरी कुणी करायचं नाही."

बाबांना कारखान्यातून सुट्टी मिळाली नव्हती. ते बुटांना सोल चिकटवायचे. दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं, मग दाबायचं. शेवटी कडेला अंगठा लावून सरकवून बघायचं. सरकलं नाही की पास. वीस वर्षांत त्यांचा अंगठा काळा आणि चपटा झाला होता.

संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. गोल काढून दाखवले, निरोपाचं सांगितलं. बाबा तोंड उघडं ठेवून ऐकत होते. मला वाटलं, बघा, ढ पोरगी म्हणता ना! अंगठ्याचंही सांगितलं, टेबलावर करून दाखवलं.

"म्हणजे आमच्यासारखंच की," बाबा म्हणाले.

"तेच तर!"

घरी करायचं नाही, हे शेवटचं वाक्य मी सांगितलंच नाही. विसरले नव्हते. त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून राहिलं.

गोळ्यांनी आई सुधारली. फोड सुकले. एक दिवस तिने स्वतः केस विंचरले. मग उजव्या खांद्याखाली एक नवी जखम दिसली. दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी दुसरी. मी गाऊनच्या शिवणी तपासल्या, गादी झटकली, नवा साबण फेकून दिला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवल्या. तरी रोज एक. फोड वेडेवाकडे येतात, या जखमा मात्र सगळ्या सारख्या, लांबट. एका ओळीत.

एका सकाळी औषधाचं दुकान बंद होतं म्हणून मी लवकर परतले. बाबा डबा काखेत धरून पलंगावर बसले होते. आई पालथी, उशी दातात धरलेली. बाबांचा अंगठा तिच्या पाठीवर.

"झालं का पक्कं?" त्यांनी विचारलं.

"झालं," आई म्हणाली. "आज नाही सरकली."

कातडी सरकली होती. मी दारातून बघितलं. बाबांचे डोळे अधू, त्यांना ओल दिसली नाही. अंगठा त्यांनी पॅन्टला पुसला.

मी पिशवी भिंतीवर फेकली. "अक्कल गहाण ठेवलीय का तुम्ही? सोलताय तिला!"

बाबा उठून उभे राहिले. "तूच सांगितलंस ना? सरकली नाही तर बरी झाली म्हणून?"



"त्यांच्यावर ओरडू नकोस," आई उशीतच बोलली. "इतक्या महिन्यांत मला सगळ्यांनी हातमोजे घालून हात लावलाय. तूसुद्धा. हे एकटेच उघड्या हाताने लावतात."

"दुखतं ना पण!"

"दुखतं. तरी लावू दे म्हटलं."

दुपारी तिला ताप भरला. हात कापायला लागले. दवाखान्यात डॉक्टरीणबाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. "आजार भडकलाय. गोळ्या दुप्पट कराव्या लागतील."

मला माहीत होतं, त्या गोळ्या रक्ताला झोपवतात. जंतू आत शिरले असतील तर त्यांच्याशी लढायला कुणी उरत नाही. बाबा भिंतीकडे बघत होते. आईने पलंगावरून माझ्याकडे बघून मान हलवली, सांगू नको.

"आजार नाही," मी म्हणाले. "अंगठा आहे. बाबांचा. घरी करायचं नाही म्हणालात, ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं."

बाईंनी आधी पाठ बघितली, मग बाबांचा हात. मला वाटलं, कानाखाली देतील. पण त्या धावत बाहेर गेल्या. गोळ्या कमी केल्या, सलाईनमधून जंतूंवरचं औषध लावलं.

"गोळ्या आधी वाढवल्या नसत्या तर," असं त्या नर्सला म्हणाल्या. मी तिथेच उभी आहे, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

सहाव्या दिवशी आई गेली. शेवटी तिला चादरीसकट उचललं. बाबांनी चादरीचं टोकसुद्धा धरलं नाही.

आता मी कारखान्यात त्यांच्या शेजारी बसते. ते सोल्यूशन लावतात, वाळू देतात, दाबतात. मग बूट माझ्याकडे ढकलतात आणि दुसरीकडे बघतात.

"बघ गं," म्हणतात.

मी कडेला अंगठा लावते आणि सरकवते.

"पक्कं आहे, बाबा."

मी एवढं सांगितलं तरी ते माझ्या तोंडाकडे बघत राहतात.