देव्हाऱ्यातली तबकडी

"आवं भाऊ, ओतू नका ते! भंडारा हाय त्यात." म्हाळसाबाईंनी गोरखच्या हातातलं घमेलं घट्ट धरलं.

घमेल्यात पिवळंधमक पाणी होतं आणि गोरखच्या दुसऱ्या हातात धुतलेली तबकडी. ओतूरच्या बाजारात जळालेल्या पंपाच्या मोटारींत नवी तार भरून देणारा हा माणूस जुन्या गाण्यांच्या तबकड्यांच्या नादानं पुरता येडा झालाय, असं सगळे म्हणत. त्यालाही ते मान्य होतं. दुकानाच्या माळ्यावर त्यानं भिंतभर तबकड्या उभ्या लावल्या होत्या. पण धनगरी ओव्यांची ही तबकडी त्याला कुठेच मिळाली नव्हती. ती आज आपल्या पायांनी चालत आली, आणि आली ती हळदीत माखून!

म्हाळसाबाईंचे नवरे सावळेरामबाबा तरुण असताना त्यांच्या ताफ्याला पुण्याला नेऊन रेकॉर्ड कंपनीनं त्यांच्या ओव्या तीत भरल्या होत्या. घरी मशीन कुठलं? मग ती देव्हाऱ्यात गेली. दर दसऱ्याला तिला हळदकुंकू, भंडारा वाहिला गेला. एकदाही न वाजता तिनं इतकी वर्षं पूजा खाल्ली.

"निघंल का वं आवाज?" म्हाळसाबाईंनी विचारलं.

"खरं सांगू मावशी? रेघांत लई बसलंय. सुई घसरली तर खेळ खल्लास."

म्हाळसाबाईंनी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. सावळेरामबाबांच्या गळ्याला उपरणं गुंडाळलेलं होतं. घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला.

"धाकल्या नातीनं तर आजाचा आवाज ऐकलाच न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "आन् भाऊ, मीबी इसरत चालले."

 बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणि मऊ ब्रश घेऊन गोरखनं पुन्हा एकेक रेघ धुतली, मखमलीनं टिपली. देवाचं नाव घेत सुई टेकवली.

आधी नुसती खरखर. मग ढोल. आणि मग एक खणखणीत, भरदार आवाज अख्ख्या माळ्यावर पसरला.

म्हाळसाबाई ताडकन खुर्चीवरून उठल्या. डोक्यावर पदर ओढून खाली भुईवर, कोपऱ्यात जाऊन बसल्या.

"काय झालं मावशी?"

"मामंजी हायेत," त्या पदराआडून कुजबुजल्या. "त्यांच्या म्होरं खुर्चीत कशी बसू?"

गोरखच्या अंगावर काटा आला. आजवर त्यानं सुरातला बारकावा ऐकला, सुईचं कौतुक केलं. पण तबकडीतून माणूस घरात येतो, हे त्याला कुणी इतकं सरळ दाखवलं नव्हतं. त्यानं आपली चप्पल काढून बाजूला सारली.

सासरे ताफ्याचे म्होरके; त्यांची ओळ संपत आली. ओवीत म्होरक्या ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ती उचलतात. सावळेरामबाबा झीलकरी होते. तबकडीवर त्यांचं नावही नव्हतं. ते ताठ बसले, त्यांनी डावा हात कानावर ठेवला, मान वर केली आणि ओळ पडली त्या क्षणी तोंड उघडलं.

तबकडीतून आवाज आला, त्यांचा. कोवळा, उंच, बाकीच्यांच्या वर चढत गेलेला. ओठ आणि सूर तसूभरही चुकले नाहीत.

म्हाळसाबाईंनी पदर जरासा मागं सारला. मशीनकडे त्यांनी बघितलंच नाही. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.