समासातली पेन्सिल

मिटलेल्या पुस्तकाच्या मोकळ्या कडेवर वाचणाऱ्यांच्या बोटांचा मळ बसतो. पुस्तक जिथवर वाचलं गेलं असेल तिथवर करडा पट्टा दिसतो, पुढची पानं पांढरीच राहतात. कुमुदने खिडकीच्या उजेडात पुस्तक आडवं धरलं आणि त्या पट्ट्यावर स्टीलची मोजपट्टी टेकवली. एकोणीस मिलिमीटर. पुस्तकाची जाडीच तेवढी होती.

तिने ते ठेवून दुसरं उचललं. तेही शेवटपर्यंत करडं. तिसऱ्यात कुणीतरी खुणेसाठी कांद्याचं सुकं साल घातलं होतं, शेवटून चौथ्या पानावर.

बाहेर मैदानात पीटीची शिट्टी वाजत होती. मंगळवारी आणि शुक्रवारी चौथ्या तासाला नववी ब मैदानावर असे आणि कुमुदला तास नसे. तिचा स्वतःचा वर्ग नववी अ, भिंतीपलीकडे. तिथं काचेचं कपाट होतं, कपाटात एक्केचाळीस पुस्तकं, दारावर तिने वळणदार अक्षरात केलेली यादी. शास्त्रज्ञांची चरित्रं, आकाशाची ओळख, बोधकथा. त्यातलं सगळ्यात मळलेलं पुस्तक चार मिलिमीटर भरलं होतं. कालच मोजलं होतं तिने.

इथं कपाट नव्हतं. विटांवर टाकलेल्या तीन फळ्या होत्या. त्या जूनमध्ये आरतीने मांडल्या होत्या. आरती म्हणजे तिची धाकटी जाऊ.

आरती लग्न होऊन आली दोन हजार साली आणि वर्षभरात ओतूरच्या त्याच शाळेत मराठीला लागली. तोवर सोळा वर्षं शाळेत तांबे बाई म्हणजे कुमुद. मग ती मोठ्या तांबे बाई झाली. ते तिने हसून घेतलं. पण या वर्षी दिवाळीनंतर तिच्या लक्षात आलं, की पोरं नुसतं 'तांबे बाई' म्हणाली की ती धाकटीच समजायची, आणि कुमुदला 'सायन्सच्या बाई' म्हणायची. असं कुणी ठरवलं नव्हतं. वाटेवरची माती पावलांनी सरकत जाते तसं नाव एकीकडून दुसरीकडे गेलं होतं.

फळ्या मांडायच्या आधी आरतीने मुलांकडून चिठ्ठ्या घेतल्या होत्या, तुला काय वाचायचंय ते लिही म्हणून. चिठ्ठ्या तिने घरी आणून जेवताना वाचून दाखवल्या. एकाला जळालेल्या मोटरीत नवी तार कशी भरतात ते हवं होतं, उजमाला मेंदीची नक्षी, कुणाला भुतं, कुणाला क्रिकेट, आणि पाच जणांना बिबट्या आपल्याच उसात का आला ते. कुमुदचा नवरा आणि दीर हसून हसून भाकरी मोडायची विसरले. कुमुद म्हणाली, वाचनाची गोडी अशी लागत नसते. आरतीने मान डोलावली आणि पुढच्या रविवारी पुण्याला जाऊन जुन्या पुस्तकांच्या दोन पिशव्या भरून आणल्या. जे मिळालं नाही, त्याची कात्रणं मुलांकडूनच शंभरपानी वह्यांत चिकटवून घेतली.

बिबट्याची वही त्यातलीच. ऑगस्टमध्ये कुमुदने ती पहिल्यांदा चाळली तेव्हा एका चित्राखाली पोराने लिहिलेलं दिसलं, की बिबट्याच्या डोळ्यात दिवा असतो आणि तो अंधारात पेटतो. मराठीच्या बाईंनी ते तसंच राहू दिलं होतं. कुमुदने पर्समधली पेन्सिल काढली आणि समासात लिहिलं: चूक. डोळ्यात आतल्या बाजूला आरशासारखा थर असतो, तो बाहेरचा उजेड परत फेकतो.

लिहिताना तिने शिरोरेषा दिली नाही. एरवी तिचं एकही अक्षर रेघेवाचून उभं राहत नसे. कुणी वही उघडावी, चूक बघावी, आरतीच्या दुर्लक्षाची गोष्ट हेडसरांच्या कानावर जावी, एवढंच तिच्या मनात होतं. मनात आणखी काही असतं तर तिने नाव घातलं असतं.

शुक्रवारी तिने वही पुन्हा उघडली. तिच्या ओळीखाली जांभळ्या शाईत प्रश्न होता: मग गाईच्या डोळ्यात पण असतो का?

तिने लिहिलं: असतो. बॅटरी धरून बघा.

मंगळवारी तिथं तीन सह्या होत्या आणि निकाल होता: बघितलं. निळा-हिरवा दिसतो. इरफानच्या शेळीचा पण.

त्यानंतर चुका शोधायला तिला वेळच उरला नाही. उसात बिबट्याला काय मिळतं, वाकलेल्या माणसावर तो जास्त का येतो, फवारणीच्या बोर्डो मिश्रणात चुना कशाला, मेंदी आधी केशरी आणि मग काळपट का होते, असे प्रश्न समासात तिची वाट बघत असायचे. ती घरी कॉलेजची जुनी पुस्तकं काढून बसायची. नवऱ्याने विचारलं, परीक्षेला बसतेस की काय. इतक्या वर्षांत वर्गात तिला एवढे प्रश्न कुणी विचारले नव्हते.

मग एके दिवशी मधल्या सुट्टीत ती नळावर हात धुवायला गेली आणि भिंतीआडचं बोलणं तिच्या कानावर पडलं. तिच्या वर्गाची मॉनिटर हर्षाली आणि ब मधला इरफान.

"तांबे बाईंना लई माहितीये राव," इरफान म्हणत होता. "मराठीच्या असून. कायपण विचार, पेन्सिलीनं उत्तर तयार."

"आमच्या वर्गात न्हाई असलं."

"तुमच्याकडं सायन्सच्या बाई हायेत की. त्यांना विचार."

"त्यांना विचारलं ना, की आधी म्हणतात, धडा वाचलास का."

दोघं हसली. कुमुदने नळ बंद केला. हात ओलेच होते, ते तिने पदराला पुसले. असं ती कधी करत नसे.

त्या दिवसापासून तिचा जळफळाट विचित्र झाला. आधी तिला आरतीच्या फळ्यांचा हेवा वाटे. आता स्वतःच्याच अक्षरांचा वाटू लागला, कारण ती आरतीची म्हणून वाचली जात होती. सांगून टाकावं, असं तिने तेव्हाच ठरवलं. दोघी रोज एकाच स्कूटीवरून शाळेत जायच्या, कुमुद पुढे, आरती मागे डबे धरून. नदीच्या पुलावर वेग कमी करावा लागतो, तिथं सांगायचं. पण पूल यायचा, आरती मागून काहीतरी साधं बोलायची, आज कांद्याला बाया आल्यात का, ताई, तुमच्यासाठी लोणचं घेतलंय, आणि पूल संपायचा. असे कार्तिक आणि मार्गशीर्ष दोन्ही गेले. सांगायचं म्हणजे आपण चोरून तिच्या वर्गात जातो, हे आधी सांगावं लागणार होतं. का जातो, हे त्याच्याही आधी.

जानेवारीत एका शुक्रवारी ती फळ्यांपाशी गेली, तर मधल्या फळीच्या खिळ्याला सुतळीने एक पेन्सिल बांधलेली होती. नवी, टोक काढलेली.

कुमुद बराच वेळ त्या टोकाकडे बघत राहिली. टोक ब्लेडने काढलं होतं, लांब आणि सहा बाजूंनी सारखं. घरी दुधाच्या कॅलेंडरवर लिहायची पेन्सिल आरती अशीच तासून ठेवायची. त्या कॅलेंडरवर रोज कुमुदच दुधाचं माप मांडायची. शिरोरेषा नसली म्हणून काय झालं, घरातल्या माणसाला हाताचं वळण कळतंच.

म्हणजे तिला माहीत होतं. किती दिवसांपासून कोण जाणे. माहीत असून तिने खोडलं नव्हतं, विचारलं नव्हतं, वर लिहायला पेन्सिल ठेवली होती. कुमुदचे कान तापले. चोरी तेवढी आपली होती, तीही आता तिच्या परवानगीची झाली.

मोटर भरायच्या पुस्तकात एक चिठ्ठी बाहेर डोकावत होती. हर्षालीचं अक्षर. अ वर्गाची पोरगी ब वर्गाच्या फळीवर प्रश्न ठेवून गेली होती: मोटर भरून आणली पण उलटी फिरते, पाणी चढत नाही, तीन वायरींचं काय करायचं? कुमुदने रागाने बांधलेलीच पेन्सिल ओढली. सुतळी आखूड होती, वाकून वाकड्या हाताने लिहावं लागलं. मैदानावरची शेवटची शिट्टी वाजली. तिन्ही वायरी एकेक जागा पुढे सरकवा, असं लिहून ती बाहेर पडली. घरी जाऊन पुस्तकात बघून घेणं त्या दिवशी पहिल्यांदाच राहिलं.

मंगळवारी ती गेली नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. रात्रीच्या जेवणात वाढताना आरती एकदा म्हणाली, की मुलं विचारतात, पेन्सिल गप्प का झाली. कुमुदने विचारलं, कसली पेन्सिल. आरती म्हणाली, काही नाही ताई, आणि तिच्या ताटात पिठलं वाढलं.

सोमवारी मधली सुट्टी व्हायच्या बेताला हर्षालीचे वडील शाळेत आले. संपत मळ्यातून तसाच आला होता, पायाला चिखल, खांद्यावर टॉवेल. नववी ब च्या दारात उभं राहून त्याने तांबे बाई कोण म्हणून विचारलं आणि सगळ्या वर्गाने आरतीकडे बघितलं. व्हरांड्यातला आवाज ऐकून कुमुद खडू हातात घेऊन बाहेर आली. हेडसरही आले. हर्षाली खांबाआड उभी राहिली.

"बाई, तुमच्या पेन्सिलीचा लई नाद लागलाय आमच्या पोरीला," संपत म्हणाला. तो चिडला होता, पण वर्गभर पोरं ऐकताहेत म्हटल्यावर त्याला रंग चढला. "तिन्ही वायरी एकेक घर सरकवा म्हनं. सरकवल्या. मोटर उलटीच. पुन्यांदा सरकवल्या, उलटीच. तिसऱ्यांदा सरकवल्या, तर व्हत्या तिथंच आल्या की हो!"

पोरं हसली. संपतने टॉवेल दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"आठ तासाची लाइट. त्यातलं पाच तास आमी बापलेक वायरींची फुगडी खेळतोय. मग जानकू वायरमन आला. दोनच वायरींची अदलाबदल केली त्यानं, तिसरीला हातबी लावला न्हाई. दोन मिन्टाचं काम. आन हसला किती, इचारू नका."

कुमुदच्या डोळ्यांपुढे तीन टोकं आली, एक-दोन-तीन, दोन-तीन-एक, तीन-एक-दोन. क्रम बदलतच नव्हता. दोन बदलल्या तरच उलटा होणार. अकरावीच्या पोरानेही ही चूक केली नसती.

"चुकलं माझं, भाऊ," आरती म्हणाली.

तिने कुमुदकडे बघितलं नाही. बघितलं असतं, तर कदाचित कुमुद गप्प राहिली असती.

"तुमी कविता शिकवा की बाई. मोटरीत कशाला हात घालताय?"

या वेळी कुणी हसलं नाही. इरफान फळीकडे बघत होता. त्याचा चेहरा, जत्रेतून आणलेलं घड्याळ दुसऱ्या दिवशी बंद पडावं तसा झाला होता. हेडसर घसा साफ करून म्हणाले, की भाऊ म्हणतात ते बरोबर आहे. ज्याचा विषय त्याने बघावा. मराठीच्या वर्गात मोटरी, फवारण्या, बिबटे हवेत कशाला? गोष्टींची चार पुस्तकं ठेवा, बाकीच्या फळ्या आजच रिकाम्या करा, आणि वाचायची हौस असेल त्यांच्यासाठी नववी अ मध्ये चांगलं कपाट आहेच.

जूनपासून कुमुदला नेमकं हेच वाक्य ऐकायचं होतं. अगदी याच शब्दांत, सगळ्यांसमोर. ते ऐकताना कसं वाटेल, याचा विचारही तिने अनेकदा केला होता. तिने वाट बघितली. तसं काही वाटलं नाही. आरती मान खाली घालून उभी होती आणि दुसऱ्याच्या चुकीचं ओझंसुद्धा तिने असं घेतलं होतं, जसं ती रोज मागच्या सीटवर दोघींचे डबे घेते.

हेडसरांनी खूण केली तसा इरफान उठला आणि वरच्या फळीवरून वह्या काढू लागला. पहिली बिबट्याची वही होती.

"ठेव ती," कुमुद म्हणाली.

तिचा आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. वर्गातली सगळी तोंडं दाराकडे वळली. हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले होते, ते तिने मुठीत धरले.

"संपतभाऊ, त्या बाईंनी काही लिहिलेलं नाही. मी लिहिते. ऑगस्टपासून. दोन वायरी बदलायच्या असतात, मी तिन्ही सरकवायला सांगितल्या, चूक माझी." ती थांबली. आता गप्प बसायला हवं, हे तिला कळत होतं. पण हर्षाली खांबाआडून पुढे आली होती, आणि इरफान वही छातीशी धरून तिच्याकडेच बघत होता. "पण तेवढं एकच चुकलं. बाकी सगळं बरोबर आहे. तेही मीच लिहिलंय."