सरावाचं कापड

माझी मुलं शाळेत जात नाहीत. मीच त्यांना घरी शिकवते. शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर शिवणकाम असतं. तिथे माझा नियम एकच: वर्षभर कुणी न घातलेला कपडाच सरावाला घ्यायचा. चांगल्या कपड्याला कात्री लावाल तर माझ्याशी गाठ आहे, असं दोघांनाही बजावून ठेवलंय.

काल तासभर इस्त्री करून मी बाहेर आले, तर आठ वर्षांची थोरली चक्क पिशवी शिवून बसली होती. धावदोरा अगदी सरळ! धाकटा त्या पिशवीत ठोकळे भरत होता. शाबासकी अगदी ओठांवर आली होती, तेवढ्यात पिशवीचा खिसा दिसला. त्यावर निळ्या शाईचा डाग होता, माझं पेन गळल्याचा.

मी वाकून बघितलं. खुर्चीखाली दोन पांढऱ्या बाह्या पडल्या होत्या. माझा डॉक्टरचा कोट! सहा वर्षांपूर्वी या दोघांच्या पायी दवाखाना सोडला, तेव्हा परत घालायचाच म्हणून धुऊन कपाटात ठेवलेला.

"कुणी सांगितलं तुला याला हात लावायला?" मी कडाडले.

"अगं, तूच! वर्षभर काय, हा तर कुणी घातलेला मी कधी बघितलाच नाही."

नियम माझाच. तिनं शांतपणे सुईत दोरा ओवला, एक बाही उचलून मांडीवर घेतली आणि विचारलं,

"आई, हा कुणाचा होता गं?"