यादीत आई नव्हती

यावल रस्त्यावरच्या त्या केळीच्या पॅकहाऊसमध्ये कोणत्या बाईचा मामा किती वेळा मेला, हे द्रौपदाबाईंना तोंडपाठ होतं. सत्तावीस वर्षं त्यांनी तिथली हजेरी ठेवली. लाल कापडी पुठ्ठ्याच्या नऊ वह्या त्यांच्या हाताखालून भरून गेल्या. पण कोणी रजा मागायला आलं की त्या आधी वही उघडत नसत, आधी तोंडाकडे बघत.

"मामा? तुझा मामा पोळ्याच्या आदल्या दिवशी गेला ना गं, मागं?"

"तो थोरला, अक्का."

"थोरला त्याच्याही आधी. तू हिरवं लुगडं नेसून आली होतीस रजा मागायला."

बाई पदर तोंडाला लावून हसायची आणि अक्का अर्धा दिवस देऊन टाकायच्या. पॅकहाऊस सुरू करणारे अभिमन आबा म्हणत, खोटं बोलायला कोणी हौसेनं येत नाही, अर्धा दिवस द्यावा. मात्र मयताच्या पुऱ्या रजेला आबांचा नियम पक्का होता. आई, बाप, नवरा आणि लेकरू. बाकी कोणी गेलं तर केळी थांबत नाही.

आबा गेले. त्यांचा मुलगा जितेंद्र कारभार पाहू लागला. केळी कंटेनरमधून परदेशी जाऊ लागली, फाटकावर अंगठ्याचं यंत्र बसलं, बायकांच्या हातात रबरी मोजे आले. आणि एका दुपारी जितेंद्रनं द्रौपदाबाईंना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं.

"अक्का, तुमचं वय झालं. ऑगस्टपासून आराम करा म्हणतो."

द्रौपदाबाईंना घरची बाज आठवली. यावलच्या घरात सुनेनं त्यांची बाज मागच्या दाराशी, पाण्याच्या टाकीजवळ लावली होती. तिथं त्यांना कोणी अक्का म्हणत नव्हतं. 'ओ' म्हणत होते.

"आणि रजा कोण बघेल?" त्यांनी विचारलं.

"रजा आता फोनवर. ही मेघा फॉर्म बनवतेय." कोपऱ्यात पाचोऱ्याची एक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. "मात्र बायका काय काय थापा मारतात, ते तिला ठाऊक नाही. ते ठाऊक फक्त तुम्हाला. तुम्ही प्रश्न सांगितले, तर फॉर्मवर लक्ष ठेवायलाही माणूस लागेलच. मग ऑगस्टचं बघू."

दुसऱ्या दिवशी द्रौपदाबाई नऊही वह्या घेऊन मेघाशेजारी बसल्या.

मेघानं त्यांना समजावलं. "बघा अक्का, सगळे प्रश्न सगळ्यांना दिसत नाहीत. इथं 'हो' दाबलं की हा प्रश्न उघडतो. 'नाही' दाबलं तर तो झाकलेलाच राहतो, दुसराच उघडतो."

"म्हणजे पाटाच्या पाण्यासारखं," द्रौपदाबाई म्हणाल्या. लहानपणी वडिलांच्या बागेत त्यांनी केळीला पाणी भरलं होतं. एका वाफ्याचं तोंड फोडायचं, दुसऱ्याचं मातीनं बुजवायचं, पाणी आपण म्हणू तिकडंच जायचं. "बुजवलेल्या तोंडातून थेंब जात नाही ना?"

"थेंब नाही."

मग त्यांना रंग चढला. इतक्या वर्षांत त्यांच्या आठवणीला कोणी असं पुढ्यात घेऊन बसलं नव्हतं. लग्न? कोणाचं ते विचार. पुतणीचं म्हणाली तर पत्रिकेचा फोटो माग. पत्रिका नाही म्हणाली तर फॉर्म तिथंच बंद कर. लेकरू आजारी? घरात दुसरं मोठं माणूस आहे का विचार. 'हो' म्हणाली की संपलं, त्यानं बघावं. सासू वारली? इथं त्या थोड्या थांबल्या. जितेंद्रनं सासूसाठी एक दिवसाची सोय केली होती, आबांनी तीही केली नव्हती.

"सासूला विचार, जवळ राहत होती का. दहा-दहा वर्षं जिचं तोंड बघत नाहीत, तिच्यासाठी रजा मागतात या. 'नाही' म्हणाली की रजा लागू नाही. 'हो' म्हणाली की रेशन कार्डाचा फोटो."

"अक्का, तुम्ही पोलिसात हव्या होत्या," मेघा म्हणाली. द्रौपदाबाई लाजल्यासारख्या हसल्या.

त्याही पुढची युक्ती त्यांचीच. अकरा दुपारी त्यांनी मेघाला जुन्या वह्या वाचून दाखवल्या. कोणत्या बाईचं कोण कधी वारलं ते सगळं यंत्रात गेलं. आता बाईनं आपला नंबर घातला की नातेवाइकांची यादी उघडायची, आणि जे वहीत मेले ते यादीत दिसतच नसत. मामा दुसऱ्यांदा मरायची सोयच उरली नाही.

धुण्याच्या टाक्यावर बायका कुरकुरल्या. "लगीनले गये तं पत्रिकाना फोटो. उद्या मयतले गये तं मढाना फोटो मांगतीन!" पण फाटकाबाहेर रोज वीस जणी कामासाठी उभ्या असत. विनापरवानगी एक दिवस चुकला की अंगठा बंद, आणि तिच्या जागी बाहेरची आत. महिन्याभरात रजा निम्म्यावर आल्या. जितेंद्रनं द्रौपदाबाईंना चाकांची नवी खुर्ची दिली, केबिनच्या काचेला लागून.

वैशाखातल्या एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत भिकुबाई त्या खुर्चीपुढे येऊन उभी राहिली.

भिकुबाई सोळा वर्षं तुरटीच्या पाण्याच्या टाक्यावर केळीच्या फण्या धूत होती. हाताची कातडी पांढरी पडून सोलवटली होती. माहेर धुळ्याजवळचं, नवरा कधीचाच गेलेला, मुलगी सुरतेला दिलेली.

"अक्का, मनी माय धुळ्याले दवाखानामा शे. भाऊना फोन उना. नाकात नळी शे, पन मनं नाव लेस. तीन दिन जावाले पाहिजे. या फोनमा दखा ना, माय सापडत नही."

द्रौपदाबाईंनी फोन हातात घेतला. नंबर घातलेला होता. 'नात्यातलं आजारपण' दाबलेलं होतं. खाली यादी उघडली होती. भाऊ, मुलगी, जावई, सासू. आई नव्हती.

त्यांना वही उघडावी लागली नाही. सहावी वही, मधलं पान, श्रावणातला सोमवार.

तेरा वर्षांपूर्वी त्या सोमवारी भिकुबाई अशीच येऊन उभी राहिली होती. सासू गेली होती तिची. त्या सासूनं भिकुबाईच्या दोन्ही बाळंतपणांत तिला न्हाऊ घातलं होतं, आणि स्वतःचा पोरगा गेल्यावर सुनेला घराबाहेर काढलं नव्हतं. आबांच्या नियमात सासू बसत नव्हती. तेव्हा द्रौपदाबाईंनीच इकडंतिकडं बघून वही ओढली होती. "आई लिहिते. जा, पोचव तिला." आणि लिहिलं होतं, भिकुबाई, आई वारली, पाच दिवस. परत आल्यावर भिकुबाईनं त्यांच्या पाया पडून म्हटलं होतं, "अक्का, तुमीन मनी मायले मारी टाकं, पन मना जीव वाचाडा." दोघी हसल्या होत्या. माय तिकडे धुळ्याकडे धडधाकट होती, शेण थापत होती.

"अक्का?" भिकुबाई म्हणाली. तिलाही आठवलं असावं. तिनं आवाज उतरवला. "तुमीन लिखं व्हतं ते. तुमीनच सांगा ना मालकले."

"बघते," द्रौपदाबाई म्हणाल्या.

पण बघायला त्यांना वेळ मिळाला नाही. काचेपलीकडून मेघानं ऐकलं होतं, ती बाहेर आली. पोर भली होती.

"अक्का, हिची आई जिवंत आहे म्हणते. वह्या वाचताना काही चुकलं का? चुकलं असेल तर सांगा, मी मिनिटात यादीत घालते."

तिच्यामागून जितेंद्रही आला. हातात चहाचा कप होता.

"काय झालं?"

"भिकुबाईची आई वहीत वारलीय, आणि ती म्हणते दवाखान्यात आहे," मेघा म्हणाली.

"वा!" जितेंद्र हसला. "मामा दोनदा मेलेले ऐकले होते. आई पण?" टाक्याजवळ डबे खात बसलेल्या दोघीचौघी हसल्या. मालक हसला की हसावं लागतं. तो खुर्चीकडे वळला. "आता नीट सांगा हं अक्का. या वह्यांवर आपण सगळा फॉर्म उभा केलाय. एक नोंद खोटी निघाली तर मला सगळ्याच खोट्या धराव्या लागतील, आणि खोटी लिहिणारीला आणि लिहवून घेणारीला दोघींना घरी पाठवावं लागेल. तुमची वही चुकते का?"

द्रौपदाबाईंनी भिकुबाईकडे बघितलं. भिकुबाई त्यांच्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर ना राग होता ना विनवणी, नुसती वाट बघणं होतं. तिनं स्वतः तोंड उघडलं असतं तर खोटी रजा घेतली हे कबूल करावं लागलं असतं. आणि अक्कांचं नाव घ्यावं लागलं असतं. ते ती घेणार नव्हती. अक्का स्वतःच सांगतील, असं तिला वाटत होतं.

चाकांची खुर्ची द्रौपदाबाईंच्या अंगाखाली किंचित सरकली. मागच्या दाराजवळची बाज त्यांना दिसली, आणि टाकीतून ठिबकणारं पाणी.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझी वही चुकत नाही."

"झालं तर," जितेंद्र म्हणाला. "बाई, काम करा. उगाच मेलेल्या आईला त्रास देऊ नका."

भिकुबाईनं फोन कमरेला खोचला, मोजे चढवले आणि टाक्यावर गेली. त्या दुपारी तिच्या हातून एकही फणी डागाळली नाही. द्रौपदाबाईंनी ते पाहिलं, कारण त्यांची नजर तिथून हटत नव्हती.

रविवारी सुट्टी होती. भिकुबाईनं ठरवलं, रविवारी पहिल्या एस.टी.नं जायचं. शुक्रवारी संध्याकाळी भाऊ झुलालचा फोन आला, माय डोळे उघडते आणि दाराकडे बघते. शनिवारी दुपारी दीड वाजता दुसरा फोन आला. भिकुबाईनं मोजे घातलेल्या हातानं फोन कानाला लावला, तुरटीचं पाणी मानेवरून पाठीत उतरलं. तिनं "हां" म्हटलं, मग पुन्हा "हां" म्हटलं, आणि फोन ठेवून पुढचा घड ओढला. संध्याकाळी सहाला सुटी झाल्यावर ती निघाली. धुळ्याला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. वैशाखातलं ऊन, प्रेत किती ठेवणार? झुलालनं तिला राख दाखवली. सोमवारी सकाळी आठला तिचा अंगठा फाटकावर लागला.

द्रौपदाबाईंना हे सगळं टाक्यावरच्या बायकांकडून कळलं. दोन दिवस त्या भिकुबाईच्या वाटेला गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बायका जेवायला बसल्यावर भिकुबाईच त्यांच्यापुढे आली.

"बस गं," द्रौपदाबाई म्हणाल्या. "वाईट झालं."

भिकुबाई बसली नाही. तिनं फोन टेबलावर ठेवला.

"सोमवारले दहावा दिस शे, मायनी गंधमुक्ती. एक दिन पाहिजे. माले वाचता येत नही, तुमीन भरा."

द्रौपदाबाईंनी नंबर घातला. मयत, हो. कोण? यादी उघडली. भाऊ, मुलगी, जावई, सासू. त्यांचं बोट यादीवरून खाली गेलं, पुन्हा वर आलं.

"भिकू, यात आई..."

"माले म्हाईत शे." भिकुबाईचा आवाज अगदी सरळ होता. "तव्हय सासूले माय लिखं ना तुमीन? आता मायले सासू लिखा."

द्रौपदाबाईंच्या आता कुठं ध्यानात आलं. वहीत भिकुबाईची सासू अजून जिवंत होती. तेरा वर्षं ती त्यांच्याच शाईत जगत होती. त्यांनी 'सासू' दाबलं. लगेच खाली प्रश्न उघडला, 'सासू तुमच्याजवळ राहत होत्या का?'

तो प्रश्न कोणी सांगितला, कोणत्या दुपारी सांगितला, मेघा त्यावर काय म्हणाली, सगळं त्यांना आठवलं. 'नाही' दाबलं तर रजा लागू नाही. 'हो' दाबलं तर रेशन कार्डाचा फोटो, आणि त्या कार्डावरून म्हातारीचं नाव कधीच कमी झालेलं. दोन्ही तोंडं बुजलेली होती. माती त्यांच्याच हातची होती. काचेपलीकडे जितेंद्र फोनवर बोलत होता आणि अधूनमधून इकडे बघत होता.

"काय विचारस तो?" भिकुबाईनं विचारलं.

"जवळ राहत होती का, विचारतो."

"मंग खरं लिखा. तुमनी वही चुकत नही ना."

द्रौपदाबाईंनी काचेकडे बघितलं. आता उठावं, चार पावलं चालावं, काचेचं दार ढकलावं आणि सांगून टाकावं, एवढंच होतं. त्यांनी खुर्चीच्या हातावर जोर दिला. चाकं सरकली. त्या पुन्हा मागे टेकल्या.

भिकुबाईनं ते पाहिलं. तिनं हात पुढे केला आणि फोन त्यांच्या बोटाखालून काढून घेतला.

"ऱ्हावू द्या, अक्का. काही दाबू नका. वहीमा तरी मनी सासू जित्ती ऱ्हावू द्या. सगळासले मारी टाकशात का?"

ती टाक्यावर निघून गेली.

शनिवारी जितेंद्रनं सगळ्यांसमोर सांगितलं, अक्का ऑगस्टनंतरही राहतील, अशी माणसं मिळत नाहीत. बायकांनी टाळ्या वाजवल्या. भिकुबाईनंही वाजवल्या, ओल्या मोज्यांनी, त्यांचा आवाज झाला नाही.

सोमवारी सकाळी द्रौपदाबाईंनी संगणकावर हजेरीचा पडदा उघडला आणि नावं वरून खाली वाचत आल्या. तिकडे धुळ्याला एव्हाना माणसं जमली असतील, झुलाल डोकं पुढे करून न्हाव्यासमोर बसला असेल. भिकुबाईच्या नावापुढे आठ वाजून दोन मिनिटं अशी वेळ होती आणि त्यापुढे लिहिलं होतं, हजर.

नोंद बरोबर होती.