मधल्या दोन बाजू

जॅझच्या रेकॉर्डी माझ्याकडे दोन कपाटं भरून आहेत. पण घरी कुणी आलं की मी हौसेनं जी आधी लावायचो, तीच नेमकी अर्धवट होती. हे मला फार उशिरा कळलं.

ती एका मैफलीची रेकॉर्ड. एक हॉटेल बंद पडलं, तेव्हा तिथल्या सामानाच्या विक्रीला मी सोफे बघायला गेलो होतो. सोफ्यांच्या गाद्या शिवणं हा माझा धंदा. मेव्हणा घड्याळजी, तो भिंतीवरची घड्याळं बघायला आला होता. दोघांनी एकाच खोक्यावर हात टाकला. आत दोन तबकड्या; मला वाटलं, दोन वेगळ्या रेकॉर्डी. भांडण नको म्हणून बायकोनं, लहान पोरांना खाऊ वाटावा तशी, एक मला दिली आणि एक भावाला. तेव्हापासून रेकॉर्ड एकमेकांना द्यायची नाही, मागायचीही नाही, असा आमचा हट्ट.

मला तेव्हा वाचता येत नव्हतं. पहिल्या बाजूच्या शेवटी सॅक्सोफोन चढत चढत जायचा आणि मध्येच तुटायचा. तबकडी उलटली की ड्रमवाला अडखळल्यासारखं टुक... टुकटुक वाजवायचा आणि लोक खो खो हसायचे. कशाला हसतात, काही कळायचं नाही. मी म्हणायचो, जॅझ आहे बाबा, असंच असतं.

साठी उलटल्यावर मुलीनं अक्षरं शिकवली. मी आधी वाचायला घेतले रेकॉर्डींवरचे गोल कागद. या तबकडीवर होतं, ‘पहिली बाजू’. उलटली. ‘चौथी बाजू’.

मी ती पुन्हा पुन्हा उलटून बघितली. मग डोक्यात उजेड पडला. जुन्या प्लेअरमध्ये उंच दांड्यावर तबकड्या चढवून ठेवायच्या. एक संपली की दुसरी आपोआप तिच्यावर पडायची. मग जोडी उलटून पुन्हा चढवायची. म्हणून पहिली आणि चौथी बाजू एका तबकडीवर, मधल्या दोन दुसरीवर. माझ्या प्लेअरबरोबरही असा दांडा आला होता, मी तो कधी वापरलाच नव्हता.

माझ्या डाव्या कानानं केव्हाच राजीनामा दिला होता. डॉक्टर म्हणाले होते, उजवाही फार दिवस टिकणार नाही. तो जायच्या आत मला मधल्या बाजू ऐकायच्या होत्या.

बायकोनं फोन लावून माझ्या उजव्या कानाशी धरला.

‘मेव्हणे, तुमच्या तबकडीवर काय लिहिलंय?’

‘दुसरी आणि तिसरी बाजू. का हो, दाजी?’

‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं?’

‘पहिल्या दिवसापासून! मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ताणताय. माझ्याकडे नुसतं पोट आहे, ना डोकं ना पाय!’

‘मग मागायचं होतंत.’

‘आधी मी मागू? वा!’

बायकोनं फोन हिसकावला. ‘बाळ्या, केस पिकले दोघांचे! आत्ताच्या आत्ता घेऊन ये.’

तो धापा टाकत आला, तबकडी कोटाच्या आत छातीशी धरून. आता दांडा सापडेना. मी सगळे खण उपसले.

‘अहो, तो लोखंडी दांडा का?’ बायको म्हणाली. ‘त्यावर मी दोऱ्याची रिळं लावते.’

‘प्लेअरच्या दांड्यावर रिळं?’

‘मग काय, गंजू देऊ?’

मेव्हण्यानं दांडा पुसला, तेलाचा थेंब सोडला, बसवला. दोन्ही तबकड्या चढवल्या. मी उजवा कान पुढं करून बसलो.

सॅक्सोफोन चढत गेला, तुटला. वरची तबकडी थाप्पकन पडली. आणि तो तिथूनच पुढं निघाला! मी मेव्हण्याचा गुडघा घट्ट धरला. जोडी उलटली. तिसऱ्या बाजूला ट्रंपेटवाला ऐन रंगात आला आणि अडखळला, पँ... पँपँ. क्षणभर सगळे वादक थांबले. तबकडी पडली. ड्रमवाल्यानं त्याची हुबेहूब नक्कल केली, टुक... टुकटुक.

लोक खो खो हसले. या वेळी आम्ही तिघंही त्यांच्याबरोबर हसलो, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. शेवटच्या टाळ्या पडल्या तेव्हा आम्ही उभं राहून टाळ्या वाजवत होतो.

‘पुन्हा लावा,’ बायको म्हणाली. ‘पहिल्या बाजूपासून.’